डावं-उजवं

अर्धांगवायूच्या झटक्याने तिचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा नवऱ्याने दुकान बंद करायचं ठरवलं. प्राचीन ग्रीक भांड्यांवर असते ती चौकोनी वळणांची अखंड नक्षी चांदीच्या कड्यांवर कोरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि गिऱ्हाइकं यायची ती त्याच नक्षीसाठी. "आता पुरे झालं, आराम कर," तो म्हणाला. पण दुपारी त्याचा डोळा लागला, की ती कोरणी डाव्या हातात घेऊन बसायची. रेघ भलतीकडेच पळायची. सरावासाठी घेतलेल्या तांब्याच्या कितीतरी पट्ट्या वाया गेल्या.

वर्षभराने तिने त्याच्यापुढे चांदीची दोन कडी ठेवली. "एक आजारपणाच्या आधीचं, एक कालचं. ओळखा बघू!"

त्याने चष्मा पुसून दोन्ही कडी पुन्हापुन्हा फिरवून पाहिली. मग एक उचलून छातीशी धरलं.

"हे जुनं. दुसरंही छानच जमलंय गं, पण या हाताची सर त्याला नाही."

"अहो, तो हात हा!" म्हणत तिने डावा पंजा त्याच्या नाकासमोर नाचवला.