बाई क्रमांक सात

तीन दिवस बोटीत अंग आंबवून मार्सेलिना मौमेरेहून सुराबायाला आली ती थेट विद्यापीठाच्या ग्रंथालयात. निळीचा रंग कसा मुरवायचा, हे तिच्या घराण्यात आई फक्त मुलीला सांगते. पण मार्सेलिना मलेशियात कामाला अडकली, आणि आईनं मरण्याआधी सगळं एका प्रबंधवाल्या पोरीला सांगितलं. त्या पोरीचा आता ठावठिकाणा नव्हता. प्रबंध तेवढा इथे होता.

"मावशी, चौथं, निळीचं प्रकरण बंद आहे. बाकीचं वाचा," ग्रंथपाल निंग्सिह म्हणाली.

"बाकीचं घेऊन काय चाटू? चौथ्यातच माझी आई बोललीय!"

निंग्सिहनं बंदीचा कागद वाचून दाखवला. "सांगणाऱ्या बाईचीच अट आहे. माझ्या मुलीखेरीज कुणालाही दाखवू नका."

मार्सेलिनाला रडू फुटलं. तिनं पिशवीतून जन्मदाखला काढला. "अगं, मग दे की! मीच ती मुलगी. हे बघ आईचं नाव."

निंग्सिहनं दाखला शेजारी ठेवून प्रबंधाची पानं पुन्हा पुन्हा उलटली.

"मावशी, प्रबंधात आईचं नाव कुठेच नाहीये. 'बाई क्रमांक सात' एवढंच लिहिलंय."