टाकीचा तळ

सुयोगने आफ्रिकेतले सिक्लिड मासे आणायचं ठरवून दोन महिने झाले, तरी टाकीच्या तळाला काय घालायचं ते ठरेना. मुलुंडच्या त्या वन बीएचकेत मानसीची एकही वाटी जागेवर नव्हती. एकीत वाळू, दुसरीत खडी, तिसरीत शिंपल्यांचा चुरा. कशात चुना आहे, कशाला फेस येतो ते बघण्यात तिची व्हिनेगरची बाटलीही संपली.

"टाक ना रे यातलं कुठलंतरी, आणि माझ्या वाट्या मोकळ्या कर."

"कुठलंतरी कसं? त्यांना हलवता येईल असं हवं. हे मासे नव्या जागी आले की आधी सगळा तळ उकरून आपल्या मनासारखा लावतात. लावू दिला नाही तर कुढतात गं. शेवटी त्यांचंही घरच ना ते."

मानसी वाट्या उचलून आत गेली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, सासूबाई जाऊनही सहा. डावखुरी असून ती रोज मसाल्याचा डबा गॅसच्या उजवीकडूनच उचलत होती. आज तिने तो डावीकडे ठेवला.

सुयोग वाटी परत मागायला आला आणि ओट्यापाशी थबकला.

"तो उजवीकडे असतो," तो म्हणाला. "आईने लावलंय ते. हलवू नकोस."