अडकलेली फाईल

फौजिया भोरला घरी बसून लग्नाचे व्हिडिओ एडिट करायची. पण पुण्याच्या स्टुडिओला पाठवलेली फाईल दरवेळी अडकूनच राहायची. तिचा नवरा एहसान बिचारा तिच्यासाठी नेटवाल्यांशी फोनवर भांडायचा.

स्टुडिओनं शेवटची संधी दिली. तिथल्या अश्विनीनं फोनवर सांगत सांगत तिला राउटरची सेटिंग उघडायला लावली. फाईल पाठवायचं सॉफ्टवेअर तिथंच ब्लॉक केलेलं होतं.

"चुकून झालं असंल, ताई," म्हणत फौजियानं तो ब्लॉक काढला. फाईल सरसर गेली. तिचे डोळेच भरून आले.

तेवढ्यात कामथडीच्या त्याच्या दुकानातून एहसानचा फोन आला. सेटिंग बदलल्याचा मेसेज त्याच्या मोबाईलवर गेला होता.



"म्या बंद केलेलं तू कुणाला इचारून चालू केलंस?"