भट्टीपाशी धाप

घरी मुलांचे फुगे एका दमात फुगवणारी काचकारागीर भट्टीपाशी काच फुंकताना मात्र धापा टाकत असे. डॉक्टरांनी फुप्फुसे निर्दोष ठरवली. तरीही उद्या बरणी अर्धवट राहिल्यास मुकादम तिला पॅकिंगमध्ये धाडणार होता. घरी येताच तिने नेहमीप्रमाणे रुतणारी ब्रा काढली आणि नव्या ब्राच्या मापासाठी नणंदेला टेप दिली. टेप लागताच ती श्वास सोडून ताठ उभी राहिली. "वहिनी, माप देतेस की फोटो काढून घेतेस?" "आईची शिकवण! श्वास सोडला की माप अचूक येतं." "मग भट्टीवरही श्वास न घेताच उभी राहतेस?" ती चपापली. तिने छाती भरून श्वास घेतला. टेप दोन इंच सरकली. दुसऱ्या दिवशी, संध्याकाळीच या वाढीव मापाने आणलेली नवी ब्रा घालून तिने एका श्वासात बरणी फुगवली. आजवरची प्रत्येक ब्रा रिकाम्या छातीच्या मापाची होती.