लाल रेघेच्या पुढे

भोंगा वाजला तेव्हा तलावात थेंबभर पाणी नव्हतं, तरीही मुलं लाल रेघेपाशी येऊन थांबली.

पोहण्याच्या तलावाची बॉम्बपासून लपायची जागा करायला चार दिवस लागले होते. पाणी सोडून दिलं, विजेचे जुने खांब आडवे टाकले, त्यांवर मैदानाच्या गॅलरीतल्या फळ्या आणि फळ्यांवर वाळूची पोती. फळ्या अर्ध्यालाच पुरल्या, म्हणून छप्पर फक्त खोल भागावर आलं. उथळ भागावर आभाळ तसंच उघडं राहिलं. लोक पायऱ्या उतरून सरळ आत जातील, दोन मिनिटांचं काम, असं इंजिनिअरचं गणित होतं. उतार सुरू होतो तिथली लाल रेघ पुसायची का, असंही त्याने विचारलं होतं.

"राहू द्या," पोहायला शिकवणारे मास्तर म्हणाले होते. "लढाई काय, आज आहे, उद्या नाही. पुन्हा रंगवणार कोण?"

मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ही तर लाल होती. पोहण्याची परीक्षा पास झाल्याशिवाय तिच्यापुढे पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर महिनाभर तलाव बंद, मग तो नगराध्यक्षांचा मुलगा का असेना. स्वतःच्या नातीलाही त्यांनी तीनदा नापास केलं होतं. सून दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

आता शेजारच्या शाळेतली चाळीस मुलं त्या रेघेवर ओळीत उभी होती. कुणाचा अंगठासुद्धा पुढे नव्हता. पास झालेली सहा जणं तेवढी छपराखाली जाऊन भिंतीला टेकली होती. शाळेच्या बाईंनी दोघांना पुढे ढकललं, तर ती दोघं मुकाट्याने मागे येऊन पुन्हा ओळीत उभी राहिली. पायऱ्यांवर माणसं तुंबली.

फाटकाशी उभे असलेले मास्तर गर्दीतून कोपरं मारत पुढे घुसले.

"अरे, बघताय काय? पळा आत!"

"मास्तर, आम्ही पास नाही," टोकाचा मुलगा म्हणाला.

लांब कुठेतरी पहिला धमाका झाला. पायाखालच्या फरशा थरथरल्या. मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या शिस्तीची भीती वाटली. रागावून उपयोग नव्हता. त्या रागाला भिऊनच तर ही थांबली होती.

"सगळे पास!" ते ओरडले.

मुलं एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. असं कुणी पास होत नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मास्तर डोक्यावर हात ठेवतात, तेव्हाच माणूस पास होतो.

मास्तरांनी टोकाच्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. "पास." तो बाणासारखा सुटला. "पास. पास. तू पास. चल, तूही पास." हात पडेल तसं एकेक मूल आत पळू लागलं आणि वाट मिळेल तशी मागची माणसंही. दुसरा धमाका जवळ झाला. पोत्यांतली वाळू झरझर गळली. मास्तरांनी एकही डोकं चुकवलं नाही.

शेवटी नात उरली. तलावावर आजोबा म्हणायचं नाही, हा नियमही तिने पाळला.

"मास्तर, मला अजून येत नाही. तुम्हाला माहितीय."

"पास," मास्तर म्हणाले.

"खरंच?"

त्यांनी दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले.

तिने गाल फुगवून श्वास भरून घेतला, नाक चिमटीत घट्ट धरलं आणि रेघेपलीकडे उडी मारली.