सुम्मने

उर्सुला दारात उभी होती. सायकल नाही, खांद्याला पिशवी नाही. दुपारचे तीन वाजले होते, आणि या वेळी मालतीचा दत्तू तिच्याच बालवाडीत असायचा.

मालतीनं सोलायला घेतलेल्या शेंगांचं सूप खाली ठेवलं. "याक? एनाय्तु?" का, काय झालं, एवढी कानडी तिला सहा महिन्यांत आली होती.

उर्सुला ओशाळं हसली. "सुम्मने," ती म्हणाली.

हा शब्द मालतीला पक्का माहीत होता. शेजारच्या अंबूताई नातवंडांवर दिवसातून वीसदा ओरडायच्या, "सुम्मने कूडु!" गप्प बस. आणि श्रावणात तापाचा झटका आला तेव्हा, अखंड बडबडणारा दत्तू तिच्या मांडीवर एकाएकी असाच गप्प झाला होता.

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. उर्सुलाला बाजूला सारून ती पायऱ्या उतरली.

"अगो, कुठं निघालीस अशी अनवाणी?" अंबूताई त्यांच्या फाटकाशी उभ्या होत्या.

"दत्तू गप्प झालाय. ती सांगायला आलीय."

मागून उर्सुला धावत आली. उन्हानं सदा लाल असलेला तिचा चेहरा पांढरा पडला होता. अंबूताईंनी तिला कानडीत दोन प्रश्न विचारले, आणि फाटकाला धरून त्या हसत सुटल्या.

"अगं वेडे, दत्तू खेळतोय तिकडं! सुम्मने म्हणजे सहज. सहज आलीय ती तुझ्याकडं. काम काही नाही."

"पण तुम्ही तर पोरांना गप्प बसवायला..."

"तेही सुम्मनेच की. आमची कानडी एका शब्दात दोन कामं भागवती." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "तुम्हां दोघींची कानडी देवानं ऐकू नये बाई! मीच शिकवलं हो तिला. त्यांच्या मिशनच्या सिस्टर सांगत होत्या, पोरगी वर्षासाठी आली, पण जानेवारी लागायच्या आतच परत जाते म्हणतीय. काम असलं की बरी असती, वेळ रिकामा मिळाला की खोलीत बसून रडती. मी म्हटलं, जा की कुणाच्या तरी घरी. तर मला विचारती, काय काम सांगून जाऊ? म्हटलं, सुम्मने बंदे म्हण, सहज आले."

तळपायाला खडे टोचताहेत हे मालतीला आता कळलं. तिनं उर्सुलाकडं पाहिलं. तेवीस-चोवीसची असेल. जर्मनीहून सेवेला आलेली, मिशनच्या घरात चौघीजणींबरोबर राहणारी. साडी कुणीतरी जागोजागी पिना लावून नेसवलेली. धावताना त्यातली एक सुटली होती.

"बा," मालती म्हणाली. "ओळग बा." ये, आत ये. आजवर ती तिला बर्री, 'या', म्हणायची.

आत येऊन उर्सुला जमिनीवर बसली. लांब पाय कुठं ठेवावेत ते तिला समजेना. हात रिकामे होते म्हणून ती आणखीच अवघडली. मालतीनं पावट्याच्या शेंगांचं सूप दोघींच्या मध्ये सरकवलं.

सांगलीला या वेळी आईकडं बायका यायच्या. मागच्या दारानं यायच्या, पायरीवर टेकायच्या. कुणाच्या हातात विणकाम, कुणाच्या काहीच नाही. का आलात, असं कुणाला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती बाई पुन्हा आली नसती. जूनमध्ये नवऱ्याची धारवाडला बदली झाली, तेव्हापासून मालतीच्या दारात दूधवाला यायचा, पोस्टमन यायचा, मीटर बघणारा यायचा. सगळे कामाचे. आणि आज एकजण बिनकामाची आली, तर तिनं तिला काय विचारलं होतं!

उर्सुला शेंग नखानं न सोलता दोन्ही अंगठ्यांनी दाबून फोडत होती. टक्क आवाज यायचा.

"माझी आई," ती कानडीत म्हणाली, "अशीच."

पुढचे शब्द तिला सापडले नाहीत. मालतीला विचारता आलं नाही. टक्क, टक्क आवाज होत राहिला.

चार वाजता आयाबाई दत्तूला घरी सोडून गेली. तो दारातूनच ओरडला, "उसळअक्का!" मग सुपातले दाणे बघून म्हणाला, "आई, उसळअक्का उसळ करणार?" आणि मग सुरूच झाला. कुणी कुणाला ढकललं, कुणाचा डबा सांडला, फळीवर मांजर आलं होतं. मालती ऐकत राहिली. एरवी ती त्याला मध्येच, आधी पाय धू, म्हणायची.

निघताना उर्सुलानं कमरेला खोचलेला कागद काढून उलगडला. मिशनच्या घरात भिंतीवर लावायचा, पुढच्या महिन्याचा तक्ता होता तो. वर लिहिलं होतं, जानेवारी १९८०. प्रार्थना, झाडलोट, स्वयंपाक, बालवाडी. प्रत्येक वाराला, प्रत्येक तासाला एक चौकोन, आणि चौकोनात काम. बुधवारी तीन ते पाच मात्र कोरं.

"पेन्सिल?" तिनं विचारलं.

दत्तूनं आपली बोटभर पेन्सिल दिली. गुडघ्यावर कागद धरून, जीभ ओठांत दाबून, तिनं त्या चौकोनात तीन कानडी अक्षरं काढली. मालतीची कानडी वाचायची मजल बसच्या पाट्यांपर्यंतच होती. तिनं एकेक अक्षर जुळवलं. सु. म्म. ने.

अगं, तक्त्यात लिहून ठेवलं की ते सुम्मने राहत नाही, असं तिला सांगायचं होतं. कानडीत ते कसं म्हणायचं, याची ती मनात जुळणी करू लागली. तेवढ्यात तिची नजर पुन्हा कागदाच्या वरच्या ओळीवर गेली. जानेवारी.

मग मालती सुम्मने राहिली.