कुंपणावरची बरणी
ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत भागातल्या विल्कॅनियाच्या रस्त्यावरचा आमचा जुन्या वस्तूंचा स्टॉल आज कायमचा बंद होणार होता. गाड्या थांबायच्या फक्त पुढचा पेट्रोलपंप विचारायला. "जुनी वस्तू उन्हात ठेवू नये, एवढंसुद्धा तुला कळत नाही?" खोकी भरताना मी नवऱ्यावर डाफरले. "आजीची काचेची बरणी किती वर्षं कुंपणाच्या खांबावर पडलीय!" "तिच्यात पाल राहते गं. बिचारीला बेघर कसं करू?" क्लॅरी म्हणाला. तणतणत मी बरणी उचलली, एप्रनने लाल धूळ पुसली आणि उजेडात धरली. एके काळी पाण्यासारखी असलेली काच आरपार जांभळी झाली होती. ज्या उन्हाने गवत जाळलं, मेंढ्या मारल्या, त्यानेच ही रंगवली होती. चर्चमध्ये काढतो तशी क्लॅरीने टोपी काढली. मी खोक्यातून जोडीची नितळ बरणी काढून त्याच खांबावर ठेवली. "हिला किती वर्षं लागतील?" त्याने विचारलं. "इथेच थांबून बघू."